गॅस शेकोटीचे दूरनियंत्रण

गॅस शेकोटीचे दूरनियंत्रण : थंड प्रदेशांतील घरांत भिंतीत बसविलेली व इंधन वायूवर चालणारी शेकोटी काही अंतरावरून, हातात धरावयाच्या लहान प्रेषकाच्या साहाय्याने पेटविणे व विझविणे, तसेच तिच्या ज्योतीची उंची वा खोलीचे तापमान यांचे नियमन करणे, याला गॅस शेकोटीचे दूरनियंत्रण म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन इ. देशांत अशा शेकोट्या मोठ्या प्रमाणात वापरात आहेत. सर्वसाधारण घरगुती गॅस शेकोटीची उष्णता देण्याची क्षमता सु. ६ ते १२ किलोवॉट असते, म्हणजे ती दूरचित्रवाणी संचासारखी निरुपद्रवी वस्तू नव्हे. दूरचित्रवाणीचे बटण दाबूनही संच सुरू झाला नाही, तर फक्त गैरसोय होते. शेकोटीचे बटण दाबल्यावर वायू सुटला आणि ज्योत मात्र लागली नाही, तर खोलीत स्फोटक मिश्रण साचू शकते. म्हणून या व्यवस्थेत दूरनियंत्रकाकडे केवळ मागणी करण्याचे काम सोपविलेले असते. ज्वालकाकडे वायू सोडावयाचा की नाही, हे शेकोटीच्या झडपेशी जोडलेली ज्योतसुरक्षा प्रयुक्ती ठरविते. दूरनियंत्रक बसविताना व वापरताना पाळावयाचे बहुतेक सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात.

पार्श्वभूमी : लाकूड वा कोळसा जाळणाऱ्या जुन्या शेकोटीतील बरीचशी उष्णता धुरांड्यातून वाया जाई. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७४२ च्या सुमारास तयार केलेली लोखंडी शेगडी आणि बेंजामिन टॉम्पसन (काउंट रम्फर्ड) यांनी १७९६ मध्ये सुचविलेली अरुंद गळ्याची, तिरप्या बाजूंची शेकोटी हे ही हानी कमी करण्याचे प्रयत्न होत. रोबेर्ट बन्सन यांच्या प्रयोगशाळेत १८५५ मध्ये तयार झालेल्या ज्वालकात वायू व हवा ज्वलनापूर्वीच मिसळण्याची सोय होती. पुढे स्वयंपाकाच्या व खोली तापविण्याच्या उपकरणांत याच तत्त्वाचा उपयोग झाला. शोभेच्या गॅस शेकोटीत मात्र ज्वलनापूर्वी मिसळावयाची हवा मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे ज्योतीत कार्बनाचे सूक्ष्म कण तापून पिवळा प्रकाश देतात आणि मृत्तिकेपासून बनविलेल्या कृत्रिम ओंडक्यांमधून खऱ्या लाकडाचा जाळ निघत असल्याचा भास होतो.

दूरनियंत्रणाची कल्पना स्वतंत्रपणे विकसित झाली. नीकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी चालविलेल्या लहान नौकेचे प्रात्यक्षिक केले. दूरचित्रवाणीसाठी प्रकाशशलाकेवर चालणारा बिनतारी नियंत्रक १९५५ मध्ये, तर श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा १९५६ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यानंतर अवरक्त किरणांचे नियंत्रक रूढ झाले. शेकोटीच्या बाबतीत अवरक्त किरण सोयीचे ठरत नाहीत, कारण ते सरळ रेषेत जातात आणि ग्राही तर शेकोटीच्या तळाशी धातूच्या जाळीमागे दडलेला असतो. म्हणून येथे मुख्यतः रेडिओ तरंग वापरतात. त्यांची कंप्रता उत्तर अमेरिकेत ३०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास, तर यूरोपात सामान्यतः ४३३·९२ मेगॅहर्ट्‌झ असते.

शेकोटीचे प्रकार : दूरनियंत्रक निवडण्यापूर्वी शेकोटी कोणत्या प्रकारची आहे, हे पाहणे आवश्यक असते. पहिल्या प्रकारात जुन्या विटांच्या शेकोटीत ज्वालक व कृत्रिम ओंडके बसविलेले असतात व ज्वलनातील वायू मूळच्या धुरांड्यातून बाहेर जातात. येथे धुरांड्याचे झाकण कधीही पूर्ण बंद होणार नाही अशी अडकण कायमची बसवावी लागते. लाकूड जाळताना मनुष्य स्वतः झाकण उघडीत असे. दूरवरून बटण दाबणाऱ्यास त्याचा सहज विसर पडू शकतो. दुसऱ्या प्रकारात ज्वलनकक्ष काचेने पूर्ण बंद केलेला असतो आणि एकात एक बसविलेल्या दोन नळ्यांपैकी बाहेरच्या नळीतून हवा आत येते व आतल्या नळीतून ज्वलनातील वायू बाहेर जातात. खोलीतील हवेशी संबंध येत नसल्यामुळे हा प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो. तिसऱ्या प्रकारात धुरांडेच नसते व ज्वलनातील सर्व वायू खोलीत येतात. अशा शेकोटीत खोलीतील ऑक्सिजनाचे प्रमाण नेहमीच्या सु. २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरताच वायू बंद करणारी संवेदक ज्योत असावी लागते. कॅलिफोर्नियासह काही प्रदेशांत घरांमध्ये हा प्रकार वापरण्यास मनाई आहे.

इंधन म्हणून नैसर्गिक वायू (मुख्यतः मीथेन) किंवा प्रोपेन वापरतात. मीथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो, तर प्रोपेन हवेच्या सु. दीडपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. हवेत मीथेन सु. ५ ते १५ टक्के किंवा प्रोपेन सु. २ ते ९·५ टक्के असेल, तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. हे वायू मुळात गंधहीन असल्यामुळे गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे मिसळतात. दोन्ही वायूंचे दाब व ज्वालकाच्या छिद्रांची मापे वेगवेगळी असल्यामुळे एका वायूची शेकोटी योग्य बदल केल्याशिवाय दुसऱ्यावर चालवीत नाहीत.

झडप व ज्योतसुरक्षा : दूरनियंत्रणास योग्य अशा झडपांच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीला मिलिव्होल्ट पद्धती म्हणतात. तीत पायलट नावाची एक लहान ज्योत सतत तेवत असते. तिच्या उष्णतेत एक तपयुग्म ठेवलेले असते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांच्या तापमानांत फरक असल्यास विद्युत् दाब निर्माण होतो, हा टोमास झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधून काढलेला परिणाम येथे उपयोगी पडतो. एका तपयुग्मापासून सु. २५ ते ३० मिलिव्होल्ट इतका अल्प दाब मिळतो. परंतु झडपेतील विद्युत् चुंबकाने वायूमार्ग उघडा धरून ठेवण्यास तो पुरतो. पायलट ज्योत विझली की तपयुग्म थंड होते, चुंबक सुटतो व स्प्रिंगेच्या जोराने वायू बंद होतो. मुख्य ज्वालकाची झडप उघडण्यास याहून अधिक शक्ती लागते. ती थर्मोपाइलपासून, म्हणजे एकसरीत जोडलेल्या अनेक तपयुग्मांच्या जुडग्यापासून मिळते. त्याचा दाब सु. ५०० ते ७५० मिलिव्होल्ट असतो. अशा रीतीने ज्योत स्वतःच झडपेला वीज पुरविते. ज्योत नसेल तर वीज नाही आणि वीज नसेल तर वायूही नाही. ही साखळी इतकी साधी आहे की, तीत बिघाड झाला तरी सामान्यतः शेकोटी बंदच पडते.

दुसऱ्या पद्धतीत पायलट ज्योत सतत तेवत नसते. आज्ञा मिळताच इलेक्ट्रॉनीय नियंत्रक प्रथम पायलटचा वायू सोडतो व ठिणग्या पाडतो. ज्योत लागली की नाही, हे तो ज्योतीच्या विद्युत् संवाहकतेवरून ओळखतो. ज्योतीतील वायूंचे आयनीभवन झालेले असते. ज्योतीतील बारीक विद्युत् अग्र व ज्वालकाचा मोठा पृष्ठभाग यांमध्ये प्रत्यावर्ती विद्युत् दाब लावला असता एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी प्रवाह वाहतो, म्हणजे ज्योत एकदिशकारकासारखे कार्य करते. यातून मिळणारा काही मायक्रोअँपिअर एवढाच एकदिश प्रवाह हा ज्योतीचा पुरावा होय. तारांचे टोक केवळ एकमेकांस चिकटले असता प्रत्यावर्ती प्रवाह मिळेल, एकदिश प्रवाह मिळणार नाही. त्यामुळे नियंत्रकाची फसगत होत नाही. पुरावा मिळाल्यावरच मुख्य झडप उघडते. ठराविक वेळात ज्योत न लागल्यास नियंत्रक वायू बंद करून स्वतःला कुलूपबंद करतो.

दोन्ही पद्धतींत काही गुणदोष आहेत. सतत तेवणारी पायलट ज्योत सु. ०·२ ते ०·३ किलोवॉट इतकी उष्णता रात्रंदिवस खर्च करते. उलट मिलिव्होल्ट पद्धतीला घरातील विजेची गरज लागत नाही. जानेवारी १९९८ मध्ये गोठणाऱ्या पावसाच्या वादळामुळे पूर्व कॅनडातील लाखो घरांची वीज अनेक दिवस बंद पडली होती. अशा प्रसंगी विजेवाचून चालणारी शेकोटी हाच घरातील उष्णतेचा आधार ठरू शकतो. इलेक्ट्रॉनीय पद्धतीत यासाठी कोरड्या विद्युत् घटांची पर्यायी सोय ठेवतात.

काडीने पेटवावयाची व साधा हाती तोटी असलेली तिसरी एक जुनी रचना आढळते. तीत ज्योत तपासणारी कोणतीच प्रयुक्ती नसते. अशा शेकोटीला दूरनियंत्रक जोडणे म्हणजे ज्योत नसताना वायू सोडण्याची सोय करणे होय. म्हणून प्रथम ज्योतसुरक्षा असलेली झडप बसविल्याखेरीज तिच्यावर दूरनियंत्रक बसवीत नाहीत.

दूरनियंत्रकाची रचना : दूरनियंत्रकाचे प्रेषक व ग्राही असे दोन भाग असतात. प्रेषक हातात मावेल एवढा असून त्यात बटणे, लहान पडदा, बहुधा एक तापमापक आणि कोरडे घट असतात. बटण दाबताच तो द्विमान संकेताच्या रूपात रेडिओ संदेश पाठवितो. संदेशात त्या प्रेषकाची स्वतःची ओळखही असते. वीस द्विमान अंकांच्या ओळखीत १०,४८,५७६ भिन्न संकेत शक्य होतात. त्यामुळे शेजारच्या घरातील प्रेषकाने आपली शेकोटी पेटण्याचा संभव नगण्य ठरतो. संदेश सामान्यतः ६ ते ९ मी. अंतरापर्यंत नीट पोहोचतो.

मिलिव्होल्ट झडपेसाठीचा ग्राही ही एक लहान पेटी असून तीत बहुधा दीड व्होल्टाचे चार घट म्हणजे एकूण ६ व्होल्ट असतात. ही वीज ग्राहीचे विद्युत् मंडल व त्यातील अभिचालित्र (लहान प्रवाहाने दुसरे मंडल जोडणारी वा तोडणारी प्रयुक्ती) चालविण्यासाठी असते. ती झडपेकडे जात नाही. अभिचालित्र केवळ थर्मोपाइल व मुख्य झडप यांमधील मंडल जोडते, म्हणजे भिंतीवरील साध्या बटणाचेच काम करते. ग्राहीच्या दर्शनी बाजूस ‘चालू’, ‘दूर’ व ‘बंद’ अशा तीन स्थिती असलेली सरकती कळ असते. प्रेषक हरवला वा निकामी झाला, तरी तिच्या साहाय्याने शेकोटी हाताने चालविता येते. ज्योतीची उंची बदलण्याची सोय असलेल्या प्रकारांत झडपेच्या दाबनियामकाला लहान विद्युत् चलित्र (मोटर) जोडलेले असते.

बसविण्याची पद्धत : काम सुरू करण्यापूर्वी शेकोटी व दूरनियंत्रक या दोहोंची माहितीपत्रके वाचून ती परस्परांस अनुरूप आहेत, याची खात्री करतात. वायूच्या नळ्या व झडपा यांचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. ग्राहीची दोन तारांची जोडणी सोपी असली, तरी ती सुरू करण्यापूर्वी शेकोटी पूर्ण थंड होऊ देतात, वायूची मुख्य तोटी बंद करतात व जवळ विजेची जोडणी असल्यास तीही तोडतात.

ग्राहीची जागा ठरविणे हा बसविण्यातील महत्त्वाचा भाग आहे. तो शेकोटीच्या खालच्या कप्प्यात किंवा भिंतीतील स्वतंत्र पेटीत ठेवतात. त्यातील इलेक्ट्रॉनीय घटक व घट यांना सु. ५४° से. पेक्षा अधिक तापमान सोसत नाही. म्हणून तो ज्वलनकक्षाच्या तळाला चिकटून न ठेवता शक्य तितका खाली व पुढे ठेवतात आणि त्यावर उष्णतारोधक पत्रा बसवितात. बऱ्याच ग्राहींत तापमान मर्यादेबाहेर गेल्यास शेकोटी बंद करणारा संवेदक असतो. मात्र तो अखेरचा बचाव आहे, जागेच्या चुकीवरील उपाय नव्हे. ग्राही चारी बाजूंनी धातूने वेढला गेल्यास रेडिओ तरंग त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

झडपेवर सामान्यतः तीन स्क्रू असतात : एक थर्मोपाइलसाठी, एक तापनियंत्रकासाठी व एक दोघांना सामाईक. ग्राहीच्या दोन तारा तापनियंत्रकाच्या व सामाईक स्क्रूंना जोडतात. अभिचालित्र केवळ मंडल जोडीत असल्यामुळे कोणती तार कोठे, याने फरक पडत नाही. तारांचा रोध मात्र महत्त्वाचा असतो. मूळ दाबच अर्ध्या व्होल्टाच्या आसपास असल्यामुळे लांब, बारीक वा गंजलेल्या तारेत त्यातील बराच भाग खर्ची पडतो व झडप उघडत नाही. सु. १ मिमी. व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०२ ओहम असतो. अंतर वाढल्यास अधिक जाड तार वापरतात व टोके खरवडून स्वच्छ करून घट्ट आवळतात. घरातील ११० वा २३० व्होल्ट विजेची तार या स्क्रूंना कोणत्याही परिस्थितीत जोडावयाची नसते. तसे केल्यास झडपेतील वेटोळे तत्काळ जळते.

शेकोटीला आधीचे भिंतीवरील बटण असेल, तर ते काढून टाकतात. ते ग्राहीच्या अनेकसरीत तसेच राहू दिल्यास दोहोंपैकी कोणत्याही एकाने शेकोटी पेटते. परंतु बटण चालू असेल, तर प्रेषकावरील ‘बंद’ची आज्ञा व्यर्थ ठरते. हे न कळलेला मनुष्य शेकोटी विझली असे समजून घराबाहेर पडू शकतो.

यानंतर ग्राहीत नवे अल्कली घट योग्य दिशेने बसवून ग्राहीला प्रेषकाची ओळख करून देतात. त्यासाठी ग्राहीवरील ओळख-बटण अणकुचीदार वस्तूने दाबून लगेच प्रेषकावरील बटण दाबतात. ग्राहीने ध्वनी दिला म्हणजे ओळख नोंदली गेली, असे समजतात.

चाचणी : वायूचा कोणताही सांधा उघडला गेला असल्यास त्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहतात, यासाठी जळती काडी वापरणे प्राणघातक ठरू शकते. पायलट ज्योत पेटविल्यावर कळ ‘दूर’ स्थितीत आणून प्रेषकाने शेकोटी पेटवून व विझवून पाहतात. मुख्य ज्वालक काही सेकंदांत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहजपणे पेटला पाहिजे. येथेच चाचणी थांबविणे योग्य नसते. याहून महत्त्वाची चाचणी म्हणजे शेकोटी पेटू नये तेव्हा ती खरोखरच पेटत नाही ना, हे पाहणे. त्यासाठी पायलट विझवितात. साधारणतः दोन-तीन मिनिटांच्या आत चुंबक सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज यावयास हवा. त्यानंतर प्रेषकावरून ‘चालू’ची आज्ञा दिली, तरी ज्वालकातून वायू येता कामा नये. ही चाचणी पार पडल्यावरच दूरनियंत्रण बसविण्याचे काम पूर्ण झाले असे म्हणता येते. पायलट पुन्हा पेटविण्यापूर्वी साचलेला वायू निघून जाण्यासाठी किमान पाच मिनिटे थांबतात आणि प्रोपेन असल्यास जमिनीलगत वास घेऊन पाहतात.

वापर : सर्वांत साध्या प्रकारात केवळ पेटविणे व विझविणे एवढेच करता येते. तापनियंत्रकाची सोय असलेल्या प्रकारात इष्ट तापमान ठरवून दिले की, खोली त्याखाली एक-दोन अंशांनी थंड होताच शेकोटी पेटते व इष्ट तापमान गाठताच विझते. येथे तापमापक प्रेषकात असतो, ही गोष्ट अनेकदा लक्षात घेतली जात नाही. खोलीचे तापमान म्हणजे प्रेषक जेथे पडला असेल, तेथील तापमान. तो खिडकीतील उन्हात किंवा शेकोटीच्या माथ्यावरील फळीवर राहिला, तर खोली गार असतानाच शेकोटी विझते. थंड ओसरीत विसरला, तर खोली तापून गेली तरी ती जळतच राहते. म्हणून प्रेषक नेहमी बसण्याच्या जागेजवळ, ऊन व ज्योत यांपासून दूर ठेवतात.

या उणिवेवर उपाय म्हणून काही प्रकारांत प्रेषक ठराविक वेळाने, उदा., दर पंधरा मिनिटांनी, आपोआप तापमानाचा संदेश पाठवितो. सु. दोन तास एकही संदेश न आल्यास प्रेषक हरवला वा त्याचे घट संपले असे समजून ग्राही शेकोटी बंद करतो. याखेरीज काही तासांनी आपोआप विझविणारा कालनियंत्रक, तसेच मुलांच्या हातून बटण दाबले गेल्यास आज्ञा न पाठविणारे कुलूप यांचीही सोय असते. दीर्घकाळ घराबाहेर जाताना प्रेषकावर विसंबून न राहता ग्राहीवरील कळ ‘बंद’ स्थितीत आणतात आणि उन्हाळ्यात वायूची तोटीही बंद ठेवतात.

दोष व त्यांचा शोध : आज्ञा दिल्यावर ग्राहीने ध्वनीच दिला नाही, तर प्रेषक वा ग्राही यांतील घट क्षीण झालेले असतात, ओळख पुसली गेलेली असते किंवा अंतर जास्त असते. ग्राहीचा ध्वनी आला, पण शेकोटी पेटली नाही, तर दोष नेमका कोठे आहे, हे कळण्यासाठी झडपेवरील तापनियंत्रकाचा व सामाईक स्क्रू लहान तारेने क्षणभर जोडतात. असे केल्यावर शेकोटी पेटली, तर दोष ग्राहीत वा त्याच्या तारांत असतो. न पेटल्यास थर्मोपाइल, पायलट ज्योत किंवा झडप यांत असतो. पायलटच्या बारीक छिद्रात धूळ वा कोळ्याचे जाळे साचल्याने ज्योत लहान होते, थर्मोपाइल पुरेसे तापत नाही आणि मुख्य झडप उघडताच शेकोटी पुन्हा विझते. अशा वेळी दूरनियंत्रक बदलून काही साधत नाही.

आज्ञा दिल्यानंतर बऱ्याच विलंबाने मोठा आवाज होऊन एकदम भडका उडणे हे गंभीर लक्षण होय. ज्वालकाची छिद्रे बुजल्यामुळे किंवा ओंडके जागचे हलल्यामुळे वायू पायलटपर्यंत पोहोचण्यास उशीर होतो व तोपर्यंत तो कक्षात साचत राहतो. काचेवर काजळी धरणे हे अपुऱ्या हवेचे लक्षण असते. या दोन्ही प्रसंगी वायू बंद करून जाणकारास बोलावितात. ‘बंद’ची आज्ञा देऊनही शेकोटी न विझणे, हा अभिचालित्राचे स्पर्शक चिकटल्याचा दोष असू शकतो. ज्योत असेपर्यंत थर्मोपाइल झडपेला वीज पुरवीतच राहणार, त्यामुळे अशा वेळी ज्योतसुरक्षा प्रयुक्तीचाही उपयोग होत नाही. म्हणून हाती तोटी कोठे आहे व ती कशी बंद करावी, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास माहीत असणे जरूरीचे असते.

सुरक्षितता : बंद कक्षाच्या शेकोटीची दर्शनी काच २००° से. हून अधिक तापू शकते आणि शेकोटी विझल्यावरही बराच वेळ तप्त राहते. चालावयास नुकतीच शिकलेली मुले तोल सावरण्यासाठी काचेवर दोन्ही तळहात टेकतात व गंभीर भाजतात, असे अनेक प्रसंग घडल्यामुळे उत्तर अमेरिकेतील मानकांत बदल करण्यात आला. १ जानेवारी २०१५ पासून ज्यांची काच सु. ७८° से. (१७२° फॅ.) पेक्षा अधिक तापते, अशा नव्या गॅस शेकोट्यांना संरक्षक जाळी असणे आवश्यक झाले. त्यापूर्वीच्या शेकोट्यांना अशी जाळी वेगळी बसवावी लागते. दूरनियंत्रणामुळे हा धोका एका अर्थी वाढतो. काडीने शेकोटी पेटविणारा मनुष्य तिच्यासमोर वाकलेला असतो व तेथे मूल आहे की नाही, हे त्याला दिसते. पाठीमागच्या खोलीतून बटण दाबणाऱ्यास किंवा भ्रमणध्वनीद्वारा घराबाहेरून आज्ञा देणाऱ्यास ते दिसत नाही. काचेवर वा ओंडक्यांवर वाळत टाकलेला कपडा, जवळ सरकलेला पडदा, शेजारी ठेवलेले वर्तमानपत्र यांनाही हेच लागू पडते. त्यामुळे शेकोटी प्रत्यक्ष दिसत असेल तेव्हाच ती पेटविणे, हा उत्तम नियम समजला जातो.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडाचा. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा हा वायू रंगहीन व गंधहीन असून ऑक्सिजनाच्या मानाने दोनशे पटींहून अधिक आसक्तीने रक्तातील हीमोग्लोबिनाशी संयोग पावतो. इंधन वायूत मिसळलेला वास ज्वलनात नष्ट होत असल्यामुळे त्याचा येथे उपयोग होत नाही. दूरनियंत्रकाला किंवा ज्योतसुरक्षा प्रयुक्तीलाही हा वायू ओळखता येत नाही. त्यांच्या दृष्टीने ज्योत आहे एवढे पुरेसे असते. म्हणून शेकोटी असलेल्या घरात, विशेषतः झोपण्याच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइड सूचक स्वतंत्रपणे बसवितात. वर्षातून एकदा, हिवाळ्यापूर्वी, धुरांडे, ज्वालक, पायलट व काचेच्या कडेची बंदिस्त पट्टी यांची तपासणी करून घेतात आणि त्याच वेळी प्रेषक व ग्राही यांतील घट बदलतात.

भारतात भिंतीतील गॅस शेकोटी क्वचितच आढळते. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र ती तेथील घरांत तयार बसविलेली मिळते आणि चुलीप्रमाणे तिच्या कामाची परंपरागत माहिती घरात नसल्यामुळे माहितीपत्रकावरच विसंबावे लागते. महाराष्ट्रातील शहरांत याच तत्त्वांवर चालणारे अधिक परिचित उपकरण म्हणजे न्हाणीघरातील गॅस गीझर होय. नळ सोडताच पाण्याच्या दाबाने त्यातील कळ दाबली जाते, कोरड्या घटांच्या विजेने ठिणगी पडते व ज्वालक पेटतो. म्हणजे येथेही ज्योतीकडे न पाहता ती पेटविली जाते. वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरात असे गीझर वापरल्याने कार्बन मोनॉक्साइडाची विषबाधा होऊन मृत्यू घडले आहेत. आज्ञा देण्याची सोय जितकी वाढते, तितके ज्योतीवरचे माणसाचे लक्ष कमी होते. ते काम ज्योतसुरक्षा, वायुवीजन व सूचक यांवर सोपवावे लागते आणि ती साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याकडेच राहते.